पांढरपेशाचा संताप : गिरगावची चाळ ते ‘डोंबिवली फास्ट’

२००५ साली प्रदर्शित झालेल्या ‘डोंबिवली फास्ट’ या मराठी चित्रपटाचा नायक माधव आपटे हा बँकेत नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप असलेला एक सरळमार्गी गृहस्थ आहे. पहाटेचा गजर, पाण्याची घाई, डबा, स्थानकाकडे धाव, लोकलगाडीतील चेंगराचेंगरी, बँकेतील मेज आणि संध्याकाळी हाच क्रम उलट्या दिशेने, असे त्याचे आयुष्य चित्रपटाच्या आरंभीच तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा जोडून दाखविले आहे. हा गृहस्थ एके दिवशी हातात क्रिकेटची बॅट घेतो आणि शहरातील अन्यायाचा हिशेब एकट्याने चुकता करण्यास निघतो. दिग्दर्शक निशिकांत कामत यांचा हा पहिलाच चित्रपट होता. माधवची भूमिका संदीप कुलकर्णी यांनी केली होती. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि पुढे कामत यांनीच २००७ मध्ये ‘एवनो ओरुवन’ या नावाने तो तमिळमध्ये पुन्हा केला.

चित्रपटाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र वेगळा प्रश्न उभा राहतो. मुंबईचा मराठी कारकून हा या शहराच्या सामाजिक इतिहासातील एक जुना व सुपरिचित पुरुष आहे. त्याच्यासाठी भाषेने ‘पांढरपेशा’, ‘चाकरमानी’, ‘खर्डेघाश्या’ असे शब्द घडविले. रंगभूमीने, विनोदी वाङ्मयाने आणि चित्रपटाने त्याला दीर्घकाळ हास्याचा विषय मानले. हाच भिडस्त पुरुष विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर पडद्यावर हिंसक आणि मरणोन्मुख होऊन का आला? हा बदल त्याच्या परिस्थितीतील बदलाचा आरसा आहे, की केवळ चित्रपटाच्या रीतीतील बदल आहे? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या मुंबईच्या मराठी वस्त्यांच्या इतिहासाच्या संदर्भात केला आहे.

(१) कारकुनाचे घर आणि कचेरी

मुंबईचा कारकून वर्ग ही ब्रिटिश अमदानीची निर्मिती होय. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, कोटाच्या तटाबाहेरील मोकळ्या जागेवर सचिवालयाची इमारत १८७४ च्या सुमारास उभी राहिली, आणि न्यायालये, टपाल, रेल्वे, बंदर, विमा व व्यापारी पेढ्या यांना इंग्रजी जाणणाऱ्या लेखनिकांची गरज निर्माण झाली. ही गरज भागविणाऱ्यांत कोकण व देशावरून आलेल्या ब्राह्मण, कायस्थ प्रभू, सारस्वत, पाठारे प्रभू इत्यादी जातींतील शिक्षित तरुणांचा भरणा मोठा होता. त्यांनी वस्तीसाठी गिरगावाची निवड केली, ती केवळ भावनेपोटी नव्हे. गिरगावातून फोर्टातील कचेरी पायी गाठता येत असे. १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्रामही उपलब्ध होती. घर व कचेरी यांमधील अंतर इतके अल्प होते की कारकुनाचा दिवस दोन्ही टोकांना चाळीच्याच स्वाधीन असे.

या चाळींचे सामाजिक महत्त्व पूर्वीच्या अभ्यासकांनी पुरेसे नोंदविले आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाचा मुंबईतील आरंभ १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. येथे ध्यानात घ्यावयाची बाब एवढीच की चाळीच्या सामायिक गॅलरीमुळे कारकुनाच्या दारिद्र्याला नेहमी साक्षीदार असत. पगार कधी झाला, बढती कोणाची हुकली, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे सर्व शेजाऱ्यांना ठाऊक असे. खासगीपणाचा हा अभाव त्रासदायक होता, यात संशय नाही. तथापि अपमान वाटून घेण्याचे ते एक साधनही होते. बड्या साहेबाने दुपारी दिलेली शिवी संध्याकाळी गॅलरीत येऊन नक्कल व विनोद यांत विरून जाई.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. तिच्या योजनांतून दादर-माटुंग्याची नवी वस्ती आकारास आली आणि गिरगावातील पांढरपेशांच्या एका शाखेने दादरला स्थलांतर केले. याच सुमारास परळ, लालबाग, नायगाव, वरळी या भागांत गिरण्यांच्या आधाराने कामगारांचे गिरणगाव वाढत होते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळी ‘बीडीडी’ या आद्याक्षरांनीच ओळखल्या गेल्या. कारकून व कामगार या दोन मराठी जगांमध्ये जातीचे, शिक्षणाचे आणि राहणीचे अंतर होते. परंतु दोघांची घरे कामाच्या ठिकाणापासून फार दूर नव्हती, हे साम्य त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

चित्रपटाचा इतिहासही याच भूभागात सुरू होतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. फाळके स्वतः पुराणवस्तू खात्यातील सरकारी नोकरी सोडून आलेले होते. भारतीय चित्रपटाचा हा आद्य पुरुष एका अर्थी कचेरीतून सुटलेला नोकरदार होता. मात्र त्यांच्या पडद्यावर देव, राजे आणि ऋषी आले, कारकून आला नाही. तो येण्यास बराच काळ जावा लागला, आणि आला तेव्हा हसू घेऊन आला.

(२) हास्याचा कालखंड

आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला व मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट १९३९ चा. मुंबईत दारूबंदी अमलात आली तेही तेच वर्ष. त्याचा नायक बगाराम हा नगरपालिकेतील एक भित्रा कारकून असून दामुअण्णा मालवणकर यांनी ती भूमिका रंगविली. ब्रँडी म्हणजे काय हेही ज्याला ठाऊक नाही अशा माणसाने ती मिळविण्यासाठी शहर धुंडाळावे, ही त्यातील गंमत. येथे कारकुनाचे भाबडेपण विनोदाचे मूळ आहे. शहर त्याला चकविते, पण गिळून टाकीत नाही.

पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या एकपात्री प्रयोगाने पुढे हजारो प्रेक्षकांना हसविले. त्यातील माणसे बहुतांशी नोकरदार, अल्पवेतनी आणि महत्त्वाकांक्षी आहेत. त्यांची प्रत्येक सार्वजनिक चळवळ फसते, पण फसण्याचा आनंदही सामुदायिक असतो. त्या पुस्तकाचा शेवटचा भाग विनोदाची वाट सोडून चिंतनाकडे वळतो, आणि चाळ नाहीशी होत असल्याची जाणीव तेथे स्पष्ट उमटते. चाळीच्या विनोदाचे श्रेष्ठ पुस्तक हेच तिच्या निरोपाचेही पुस्तक आहे, ही गोष्ट कालगणनेच्या दृष्टीने लक्षणीय होय.

१९७० च्या राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटात हा निरोप अधिक जवळ आला. व. पु. काळे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात एकाच खोलीत अनेकांनी राहावयाचे असल्यामुळे नवविवाहित जोडप्याला एकांत मिळत नाही. बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ या नावाने त्याचे हिंदी रूपांतर केले. कथेचा सूर हलका आहे आणि शेवट समजुतीचा आहे. पण विनोदाचा विषय पाहिला असता तो जागेचा अभाव आहे. पुढील दशकांत हाच अभाव काळोख्या चित्रपटांचा विषय झाला.

(३) काळोख प्रथम वाङ्मयात

कारकुनाच्या मनातील काळोख मराठीला पडद्याच्या आधी कित्येक वर्षे माहीत होता. बा. सी. मर्ढेकर यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. त्यात महानगरातील यांत्रिक दिनक्रम, गर्दीतील एकाकी माणूस आणि जगण्याचा वीट यांना मराठी कवितेत प्रथमच निःसंदिग्ध रूप मिळाले. गंगाधर गाडगीळ व त्यांच्या समकालीनांच्या नवकथेने मध्यमवर्गीय मनाचा कुजटपणा, दबलेली हिंसा आणि स्वतःशीच चाललेला खोटेपणा यांचे चित्रण केले. पुढे भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’ (१९६५) मध्ये शहरातील बेकार तरुणांचे जग उघडे केले, आणि अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ने (१९७३) या महानगराचा आडवा छेद घेतला. मार्क्सच्या विचारातील जी संकल्पना मराठीत ‘परात्मता’ या शब्दाने ओळखली जाते, म्हणजे माणूस आपल्या श्रमापासून, सोबत्यांपासून आणि अखेरीस स्वतःपासून तुटणे, तिचे दर्शन मराठी वाचकाला १९४५ ते १९७५ या तीन दशकांत वारंवार घडले.

मग मराठी चित्रपटाला एवढा विलंब का लागला? याचे एक कारण निर्मितीच्या भूगोलात आहे. परळचे राजकमल कलामंदिर (१९४२) मुंबईत असले, तरी मराठी चित्रपटाची मुख्य केंद्रे कोल्हापूर आणि पुणे ही होती. १९५० नंतर तमाशाप्रधान ग्रामीण चित्रपटाने बाजार काबीज केला. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) चे अभूतपूर्व यश हे त्याचे ठळक उदाहरण. गंमत अशी की या ग्रामीण चित्रपटांचा एक मोठा प्रेक्षक मुंबईतच होता. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात बसणारा गिरणी कामगार पडद्यावर आपले गाव पाहू इच्छीत होता, आपली खोली नव्हे. कारकुनाचीही हीच स्थिती होती. मुंबईचे वास्तव पडद्यावर आणण्याचे काम त्यामुळे प्रथम हिंदी चित्रपटाच्या एका लहान, अव्यापारी शाखेकडे गेले.

(४) अंतर वाढते

या ठिकाणी घरांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले. महायुद्धोत्तर टंचाईत ते अपरिहार्य होते. परंतु गोठलेल्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना आणि नवी भाड्याची घरे बांधण्यात कोणास स्वारस्य उरले नाही. जुनी खोली पागडीवाचून मिळेना, आणि पागडी देण्याइतके पैसे कारकुनापाशी नसत. परिणामी खोली ज्याच्या नावावर होती तो गिरगावात किंवा दादरला टिकला. त्याच्या धाकट्या भावाला आणि मुलाला मात्र लग्न होताच शहराबाहेर जावे लागले. पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर ठाणे, डोंबिवली, कल्याणपर्यंत मराठी मध्यमवर्ग पसरत गेला. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर या मार्गावर मुंबईची शेवटची ट्राम धावली. ट्रामचे युग संपणे हे योगायोगाने कारकुनाच्या जवळच्या घराचे युग संपण्याचे चिन्ह ठरले. डोंबिवली ते बोरीबंदर हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आहे. एकेकाळी जो वेळ गॅलरीत जाई, तो आता गाडीत उभ्याने जाऊ लागला.

१९७० च्या दशकातील दोन हिंदी चित्रपट या स्थित्यंतराची नोंद देतात. अवतार कृष्ण कौल यांच्या ‘२७ डाऊन’ (१९७४) चा नायक संजय हा रेल्वेतील तिकीट तपासनीस. चित्रकलेचे शिक्षण बापाच्या आग्रहामुळे सोडून तो नोकरीला लागला आहे. गाडी हेच त्याचे घर झाले आहे, आणि बोरीबंदरच्या गर्दीची ए. के. बीर यांनी घेतलेली कृष्णधवल दृश्ये आजही विलक्षण वाटतात. कौल यांना पुढील काम करण्यास आयुष्य मिळाले नाही. त्याच वर्षी त्यांचा मुंबईत अपघाती मृत्यू झाला. दुसरा चित्रपट भीमसेन यांचा ‘घरौंदा’ (१९७७). शंकर शेष यांच्या कथेवरील या चित्रपटात सुदीप आणि छाया हे एकाच कचेरीतील दोन नोकरदार सदनिकेसाठी पैसे साठवितात. बांधकाम करणारा फसवितो, एक सहनिवासी आत्महत्या करतो, आणि सुदीप आपल्या प्रेयसीला हृदयविकारी वृद्ध मालकाशी विवाह करण्याची गळ घालतो. मालक लवकर मरेल आणि घर व पैसा दोन्ही हाती येईल, असा त्याचा हिशेब असतो. मालक मरत नाही, छायाच्या मनात नवऱ्याविषयी माया उपजते, आणि सुदीप उघडा पडतो. सुदीपची भूमिका करणारे अमोल पालेकर स्वतः पूर्वी बँकेत नोकरीला होते. ‘मुंबईचा जावई’त जागेच्या अभावामुळे जोडप्याला एकांत मिळत नव्हता. सात वर्षांनी त्याच अभावापायी पुरुष आपल्या प्रेयसीचा सौदा करतो. प्रश्न तोच असून उत्तर नैतिक अधःपाताचे आहे.

(५) पडद्यावरचा एकटा आणि इतिहासातला संघटित

येथपर्यंतच्या विवेचनावरून असे अनुमान काढण्याचा मोह होतो की घर व कचेरी यांतील अंतर वाढले, शेजार तुटला, म्हणून कारकून एकाकी झाला आणि चित्रपटाने ते एकाकीपण टिपले. हे अनुमान अंशतः खरे आहे. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारण्यात एक मोठी अडचण आहे. ज्या काळात पडद्यावरचा कारकून एकटा पडत होता, त्याच काळात प्रत्यक्षातील कारकून पूर्वी कधी नव्हता इतका संघटित होता.

अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली होती. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर बँकांच्या शाखा आणि त्यांतील नोकऱ्या वाढल्या व संघटनेचे बळही वाढले. मे १९७४ मध्ये, म्हणजे ‘२७ डाऊन’च्याच वर्षी, देशभरच्या रेल्वे कामगारांनी संप केला. ‘घरौंदा’ प्रदर्शित झाला त्या १९७७ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी सुरू केलेला संप ५४ दिवस चालला. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मध्यमवर्गीय आणि कामगार वस्त्यांतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. कारकुनाच्या असंतोषाला एक वेगळा मार्गही सापडला होता. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने मुंबईच्या कचेऱ्यांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या आरंभीच्या प्रचाराचा रोख कचेरीतील नोकऱ्यांवर होता. दाक्षिणात्य कारकुनांवरील हा रोष न्याय्य होता असे म्हणता येणार नाही. पण तो सामुदायिक होता, आणि त्याचा उगम दादर-गिरगावच्या नोकरदार घरांत होता, हे नाकारता येणार नाही.

मग या संघटित, मोर्चे काढणाऱ्या, संप करणाऱ्या आणि प्रसंगी परप्रांतीयांवर तुटून पडणाऱ्या कारकुनाला पडद्यावर स्थान का नाही? याचे उत्तर अंशतः कलाप्रकाराच्या परंपरेत सापडते. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ (१८४२) या कथेपासून किंग व्हिडोरच्या ‘द क्राउड’ (१९२८) आणि अकिरा कुरोसावाच्या ‘इकिरु’ (१९५२) पर्यंत कारकुनाची कथा ही जगभर एकट्या माणसाची कथा म्हणूनच सांगितली गेली आहे. चित्रपटाला एक चेहरा हवा असतो, आणि सभेला चेहरा नसतो. ‘इकिरु’तील नगरपालिकेचा अधिकारी कर्करोगाची बातमी कळल्यावर कागदांच्या ढिगातून बाहेर पडतो व मुलांसाठी एक बाग करून मरतो. त्याचा उद्धारही एकट्याचाच आहे. म्हणून पडद्यावरील एकाकीपणाला समाजस्थितीचा सरळ पुरावा मानणे धोक्याचे ठरते. चित्रपट हे इतिहासाचे साधन आहे, पण दफ्तरातील कागदाप्रमाणेच त्याचीही चिकित्सा करावी लागते. तो काय दाखवितो याबरोबर तो काय वगळतो हेही पाहावे लागते.

(६) १९८२ नंतर

तथापि ‘डोंबिवली फास्ट’च्या बाबतीत हे उत्तर पुरेसे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि यशस्वीही झाला नाही. एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाचा मार्ग मोकळा केल्यावर परळ-लालबागमध्ये धुराड्यांच्या जागी कचेऱ्या, दुकानांची संकुले आणि मनोरे दिसू लागले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने संपानंतरच्या एका गिरणगावातील कुटुंबाची वाताहत रंगभूमीवर आणली, आणि त्यावरच आधारलेला महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ हा चित्रपट २०१० मध्ये आला.

कामगारांच्या या पराभवाचा कारकुनावर झालेला परिणाम अप्रत्यक्ष पण खोल होता. संघटनेने लढून काही मिळते, या विश्वासालाच तडा गेला. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणात बँका व सरकारी कचेऱ्या यांतील भरती आटली, संगणक आला, आणि २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. पंचविशीत बँकेत लागून तेथूनच निवृत्त होण्याची जी निश्चिती मराठी मध्यमवर्गाने मोलाची मानली होती, ती याच काळात डळमळीत झाली. ज्या परळात गिरण्यांचे भोंगे होत, तेथील नव्या कचेऱ्यांकडे लोकलगाड्या तीच गर्दी घेऊन जात, पण त्या कचेऱ्यांतील नोकरी जुन्या कारकुनासाठी नव्हती.

माधव आपटे या काळाचा पुरुष आहे. त्याचे आडनाव जुन्या पांढरपेशाचे आहे, नोकरी राष्ट्रीयीकरणोत्तर काळातली आहे आणि घर भाडेनियंत्रणाच्या पलीकडचे आहे. गिरगावपासून डोंबिवलीपर्यंतचा सर्व इतिहास त्याच्या एका दिवसात सामावला आहे. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी पैसे मागितले जातात आणि जे बगारामच्या काळी विनोदाचे कारण झाले असते ते येथे स्फोटाचे कारण होते. चित्रपटाची तुलना जोएल शूमाकर यांच्या ‘फॉलिंग डाऊन’ (१९९३) या अमेरिकन चित्रपटाशी करण्यात येते, व ती अस्थानी नाही. मात्र त्या चित्रपटाचा नायक नोकरी गमावलेला अभियंता आहे. आपटे नोकरी असतानाच फुटतो. अमेरिकन नायकाचे जग कोसळते. आपट्याचे जग मात्र रोज तसेच चालू राहते, आणि तेच त्याला असह्य होते. हा भेद मूलगामी आहे.

त्याहून गंभीर प्रश्न त्याच्या संतापाच्या लक्ष्याचा आहे. छापील किमतीहून अधिक पैसे मागणारा दुकानदार, लाच घेणारा, रांग मोडणारा, कर्तव्य चुकविणारा, अशा समोर सापडलेल्या माणसांवर त्याची बॅट पडते. भाडे, जमीन, गिरणी, शिक्षणसंस्था यांची धोरणे ठरविणारा माणूस त्याच्या वाटेत क्वचितच येतो, कारण तो लोकलगाडीने प्रवास करीत नाही. नियमांवर श्रद्धा हा कारकुनाचा व्यवसायधर्मच आहे. आयुष्यभर त्याने दुसऱ्याचे अर्ज नियमात बसविले. म्हणून त्याचा विद्रोहही नियमभंग करणाऱ्यांविरुद्ध होतो, नियम करणाऱ्यांविरुद्ध होत नाही. चित्रपटगृहात अनेक प्रेक्षकांनी आपट्याच्या प्रत्येक फटक्याला टाळ्या दिल्या, ही गोष्ट त्या संतापाच्या व्याप्तीइतकीच त्याच्या मर्यादेचीही साक्ष देते. या दृष्टीने पाहता चित्रपटाचा शेवट मृत्यूत होणे हे दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. अशा विद्रोहाला दुसरा शेवट नव्हता.

(७) राहिलेली रिकामी जागा

या परंपरेत आणखी एक उणीव दिसते. ‘२७ डाऊन’मधील शालिनी आयुर्विमा महामंडळात नोकरी करते आणि कुटुंबाचा भार वाहते. ‘घरौंदा’तील छायाही कमावती आहे. म्हणजे १९७० च्या दशकातील काळोख्या चित्रपटांनी कचेरीतील स्त्रीची दखल घेतली होती. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर केवळ स्त्रियांसाठी लोकलगाडी सुरू झाली, यावरून नोकरदार स्त्रियांची संख्या पुढील काळात किती वाढली याची कल्पना येते. असे असता २००५ च्या चित्रपटात मात्र संतापाचा अधिकार पुरुषाकडे आहे आणि पत्नी घर सांभाळते, तडजोड करते. डबा करून, गाडी पकडून, कचेरी सांभाळून पुन्हा स्वयंपाकाला लागणाऱ्या स्त्रीचा दिनक्रम आपट्याच्या दिनक्रमाहून कमी दमविणारा नाही. तिच्या परात्मतेचा काळोखा चित्रपट या परंपरेने दिलेला नाही. लाटणे घेऊन मंत्रालयाकडे जाणाऱ्या १९७० च्या दशकातील स्त्रिया आणि बॅट घेऊन एकटा फिरणारा २००५ चा पुरुष ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता मधल्या तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाने काय गमावले, हे ध्यानात येते. दोघांच्या हातातील वस्तू घरातल्याच आहेत. फरक एवढाच की लाटण्याच्या मागे शेजार होता.

सारांश, मुंबईच्या कारकुनाचा पडद्यावरील प्रवास हास्याकडून काळोखाकडे झाला, याला तीन कारणे एकत्र आली. घर व कचेरी यांतील अंतर वाढून चाळीचा साक्षीदार शेजार नाहीसा झाला. १९८२ नंतर सामुदायिक लढ्यावरील विश्वास ढासळला. आणि चित्रपटाच्या स्वतःच्या परंपरेने एकट्या माणसालाच नायक मानले. यांपैकी पहिली दोन कारणे इतिहासाची आहेत, तिसरे कलेचे आहे. ती वेगळी न केल्यास चित्रपटाचा पुरावा अभ्यासकाची दिशाभूल करील. निशिकांत कामत यांचे २०२० मध्ये निधन झाले. त्यांच्या या पहिल्या चित्रपटाकडे आज केवळ एका संतप्त माणसाची कथा म्हणून पाहिले जाते. गिरगावच्या गॅलरीत जे हसण्यावारी नेता येत होते, ते डोंबिवलीच्या गाडीत का नेता आले नाही, या प्रश्नाची नोंद म्हणून तो वाचला गेला, तर मुंबईच्या सामाजिक इतिहासाचे एक अलिखित प्रकरण लिहिण्यास त्याचा उपयोग होईल. ५४ दिवसांच्या संपात सामील झालेल्या कारकुनांची तोंडी साक्ष नोंदविणे, हे त्या कामाचे पहिले पाऊल ठरावे. तो संप पाहिलेली पिढी आता वार्धक्यात आहे.